माणसं उतरवा

१

माझा स्वभाव संशयी आहे, हे आधीच सांगून टाकतो. माझी बायको बेबीनंदा म्हणते, दुधात पाणी आहे का ते बघायच्या आधी तुम्ही भांड्याला भोक आहे का ते बघता. बत्तीस वर्षं डिझेल इंजिनं उघडतोय, त्याचा हा परिणाम. गिऱ्हाईक शपथेवर सांगतं, "कालपर्यंत बिलकुल बराबर चालत होतं," आणि आत बघावं तर पिस्टन महिनाभर घासलेला असतो. त्यामुळे माणसाच्या बोलण्यावर माझा विश्वास नाही, यंत्रावर थोडाफार आहे. वजनकाट्यावर मात्र पुरा होता.

जालन्यात राहून काट्यावर विश्वास नाही म्हणता येत नाही. इथं भंगार येतं, मिलमध्ये वितळतं, सळई होऊन बाहेर पडतं, आणि प्रत्येक ठिकाणी त्याचा काटा होतो. औद्योगिक वसाहतीच्या तोंडाशीच कल्याण नावाच्या माणसाचा काटा आहे. जमिनीत बसवलेली लोखंडी प्लेट, शेजारी काचेची केबिन, खांबावर कॅमेरा आणि भोंगा. कल्याण केबिनमध्ये बसून दिवसभर भोंग्यातून एकच वाक्य बोलतो, "माणसं उतरवा." कारण भंगार विकणारे वजन वाढवायला ताडपत्रीखाली माणसं झोपवतात. म्हणून कल्याण आधी सगळ्यांना खाली उतरवतो, मगच फोटोसकट पावती छापतो. पावती झाली की उतरलेली माणसं पुन्हा गाडीत चढतात आणि गाडी चालू लागते.

मागच्या ऑक्टोबरात माझा धाकटा भाऊ भारत मला काकासाहेबाच्या भंगार यार्डात घेऊन गेला. भारत मास्तर होता. चौदा वर्षं ज्या शाळेत शिकवलं ती बंद पडली, आणि आता त्याला धावड्याच्या तलावावर बोट चालवायची होती. अजिंठ्याच्या सहली तिकडूनच जातात, पोरं अर्धा तास पाण्यावर फिरतील, असा त्याचा विचार. यार्डात सळयांच्या ढिगाला टेकून एक अठरा फुटी लोखंडी मोटारबोट पडली होती. इंजिन जाम, बाकं कुजलेली, पण बुडाचा पत्रा खणखणीत.

"दादा, तू इंजिन बदलून दे. वहिनी सीटा शिवतील," भारत म्हणाला. "आठ माणसं बसली पाहिजेत, मंगच परवडंल. पहिल्या फेरीला आपलीच माणसं. पायल तर आत्तापासून सांगून राह्यली, सगळ्यात पुढं मी बसणार म्हणून."

पायल म्हणजे त्याची नऊ वर्षांची पोरगी. मला लेकरू नाही, त्यामुळे ती जेवढी त्याची तेवढीच माझी. मी बोटीवर हात ठेवला तेव्हाच माझ्या डोक्यात एकच हिशेब होता, की या लोखंडात आपली पायल बसणार आहे.

बोट माझ्या ट्रॉलीवर चढवली, पिकअपला जोडली आणि कल्याणच्या काट्यावर आणली. भंगार किलोवर विकतात, तेव्हा काटा आलाच. आम्ही दोघं खाली उभे होतो.

"देवानंदभाऊ," भोंगा वाजला, "बोटीतली माणसं उतरवा."

"कोणी न्हाई रे आत!"

भोंगा थोडा वेळ नुसता खरखरत राहिला. मग पावती आली. सवयीनं बोलला असेल, असं मी धरलं. काकासाहेबाचा आणि याचा काही व्यवहार आहे का, हेही मनात येऊन गेलं.

२

माझं दुकान म्हणजे पत्र्याचं शेड. दुपारी आत तवा तापतो. पहिल्या आठवड्यात मी बोट पार सोलून काढली. जुनं दोन सिलेंडरचं इंजिन चेन पुलीनं उचललं, कुजकी बाकं कुदळीनं फोडली, टाकी, पाइप, वायरी, सगळं बाहेर. आत उरला नुसता पत्रा आणि त्याच्या फासळ्या.

ट्रॉली मी जुन्या जीपच्या सांगाड्यावर बनवलेली आहे, खाली कमानपाटे आहेत. पाट्यांचा आवाज मला पाठ आहे. गाडीत माणूस चढला की ते कुरकुरतात, उतरला की टक् करून सुटतात. सोलून झालं त्या दिवशी लाईट गेली म्हणून ग्राइंडर बंद होतं. मी बोटीकडे पाठ करून डबा खात बसलो होतो. मागून कुरकुर आली. मग टक्. थोड्या वेळानं पुन्हा कुरकुर, जसं कोणीतरी बसल्या जागी मांडी बदलतंय.

मी भाकरी हातात घेऊनच उठलो. कोणी नव्हतं. ऊन पत्र्यावरून सरकलं की लोखंड वाजतं, हे कुठल्याही मेकॅनिकला माहीत असतं. मी पुन्हा जेवायला बसलो, पण यावेळी बोटीकडे तोंड करून.

जेवण उरकल्यावर पाटे आणि सांगाडा यांच्यातलं अंतर बोटांनी मोजून ठेवलं. एवढं वजन कमी केल्यावर पाटे चांगले उचलायला पाहिजे होते. त्यातला निम्मा उठावही दिसत नव्हता. म्हणून दुसऱ्या दिवशी भर दुपारी मी बोट काट्यावर नेली. पत्र्याचं माप घेऊन, जाडी धरून माझा हिशेब सव्वापाचशे किलोचा होता.

"देवानंदभाऊ, माणसं उतरवा," भोंगा म्हणाला. "पाच जणं हायेत."

मी तडक केबिनमध्ये शिरलो. "कुठं हायेत? दाखव."

कल्याण शांत माणूस. उगीच चेष्टा करणाऱ्यातला नाही. त्यानं स्क्रीनवर बोट ठेवलं. वरून दिसणारी बोट, आत फासळ्यांच्या सावल्या. त्याचं बोट एका जागेवरून दुसऱ्या जागेवर गेलं आणि थांबलं.

"आता दिसून न्हाई राह्यले," तो म्हणाला.

"मंग आधी दिसले का?"

त्यानं पावती फाडून माझ्या हातात दिली. ट्रॉलीचं वजन वजा जाऊन बोट आठशे पंधरा किलो. म्हणजे दोनशे नव्वद जास्त. मी त्याच्याशी काट्यावरून एवढा भांडलो, की पावतीवरचा फोटो बघायचं भानच राहिलं नाही. ती तशीच भारतच्या फाइलीत गेली. माझ्यानंतर आलेल्या ट्रकचा काटा मात्र किलोला किलो जुळला, तेही मी उभं राहून बघितलं.

३

दोनशे नव्वद किलो कुठून येतात? भंगारवाले काय काय करतात ते मला माहीत आहे. ड्रममध्ये दगड घालतात, पाइपात वाळू भरून तोंड वेल्डिंगनं बंद करतात. काकासाहेबानं बोटीला दुहेरी बूड करून मध्ये काँक्रीट ओतलं असणार, याबद्दल माझी खात्रीच पटली. मी हातोडी घेऊन बूड इंच न् इंच ठोकलं. सगळीकडे एकसारखा आवाज. मग ड्रिल घेऊन नऊ ठिकाणी भोकं पाडली. प्रत्येक भोकातून शेडच्या फरशीवर उजेडाचा गोल पडला. एक थर पत्रा, बाकी काही नाही. ती भोकं बुजवायला मला दीड दिवस लागला.

तरी मी काकासाहेबाकडे गेलो. गंमत बघा, मी भांडायला सुरुवात करायच्या आधीच तो म्हणाला, "परत घेऊन जातो ती बोट. आत्ता गाडी धाडू का?"

चाळीस वर्षांच्या धंद्यात ज्यानं गंजका खिळा परत घेतला नाही, तो माणूस हे बोलत होता.

"इंजिन काढलंय तिचं. बाकं फोडलीत," मी म्हणालो.

"असू द्या. जशी असंल तशी."

"ती आली कुठून, काकासाहेब?"

"लिलावातून. ट्रकनं आल्ती." तो माझ्याकडे न बघता जपमाळ फिरवल्यासारखा किल्ल्यांचा जुडगा फिरवत होता. "आमच्या पोऱ्हांनी तिला कापायला गॅसकटर लावला नाही. उगंच टाळत राह्यले. मी विचारलं न्हाई. तुम्हीबी नका विचारू, देवानंदराव. परत द्या."

मी भारतला हे सांगितलं. म्हटलं, परत घेतोय तर देऊन टाकू.

"दादा, तलावाचा करार माझ्या नावावर झालाय. जानेवारीपासून सहली लागतात. ही गेली तर दुसरी बोट कुठून आणू? आणि तू कधीपासून असल्या गोष्टी मानायला लागला?"

हे मला लागलं. आमच्या घरात भुताखेताची बात नाही. आजोबांनी धम्मदीक्षा घेतली त्या दिवशी गंडे, ताईत, अंगारे सगळं घराबाहेर गेलं, ते परत आलं नाही. मी स्वतः गल्लीतल्या पोरांना शिकवत आलोय, की पुरावा मागा, डोळे झाकून मानू नका. आणि आता मीच धाकट्या भावासमोर भंगारवाल्याचं बोलणं घेऊन बसलो होतो. मला माझीच लाज वाटली.

"मी कुठं मानलं?" मी म्हणालो. "मला वजनाचा संशय हाये, एवढंच."

४

नोव्हेंबरात नवं इंजिन बसलं. एका पडीक टेम्पोचं तीन सिलेंडरचं, मी स्वतः उघडून, घासून, रिंगा बदलून तयार केलेलं. बोटीत इंजिन बसवताना खरं कौशल्य जोडणीत असतं. इंजिनाचा दांडा आणि पाण्यातल्या पंख्याचा दांडा एका रेषेत यावा लागतो, केसाइतका फरक चालत नाही. मी संध्याकाळी जोडणी बरोबर करून जायचो. सकाळी मोजली की फरक. बुडाचा पत्रा मधोमध दबला की असा फरक पडतो. रात्री गारठ्यानं पत्रा आकसत असेल, असं म्हणत मी चार दिवस रोज तीच जोडणी केली. पाचव्या दिवशी फरक आहे तसा धरून जोडली, तेव्हा कुठे ती टिकली.

सीटा बेबीनंदानं शिवल्या. जीप, ट्रॅक्टर, रिक्षा, सगळ्यांच्या सीटा ती घरी शिवते. निळं रेक्झिन, आत चार इंची फोम. आठ सीटा, दोन-दोनच्या चार रांगा.

"रेक्झिनमधून हवा जात न्हाई," तिनं पायलला शिवता शिवता सांगितलं. "म्हणून मागं शिलाई जराशी उघडी ठेवायची. माणूस बसलं की फुस्स करून हवा निघून जाते. न्हाई तर सीट फाटती."

पायलनं प्रत्येक सीटवर बसून फुस्स वाजवून बघितलं. उरलेल्या रेक्झिनच्या बेबीनंदानं आमच्या बाहेरच्या खोलीतल्या दोन बाकांसाठीही गाद्या शिवून घेतल्या.

आठही सीटा बोटीत ठोकून बसवल्या आणि मी शेडला कुलूप लावलं. दुसऱ्या दिवशी बेबीनंदा बटणं लावायला आली आणि दारातच माझ्यावर घसरली.

"कोणाला झोपू दिलं वो इथं? चोवीस तास झाले न्हाई शिवून, अन् फोम दाबून टाकला!"

मी बघितलं. पहिल्या रांगेतल्या दोन्ही सीटांवर, दुसऱ्या रांगेतल्या दोन्हींवर आणि तिसऱ्या रांगेतल्या उजव्या सीटवर खड्डे होते. माणूस तासन्‌तास बसून उठल्यावर पडतात तसे. उरलेल्या तीन कोऱ्या करकरीत.

"किल्ली माझ्या खिशात होती," मी म्हणालो.

"मंग फोमवाल्यानं फसवलं," ती म्हणाली. तीही माझीच बायको, संशय घेण्यात कमी नाही. तिनं पाचही सीटा उसवून नवा फोम भरला. मी जवळ उभा राहून बघत होतो. तिनं शेवटची शिलाई मारून सीट जागेवर ठेवली, आम्ही दोघं पाणी प्यायला बाहेर आलो, आणि आतून फुस्स असा आवाज आला.

"उन्हानं फुगली असंल," ती म्हणाली. मीही हो म्हणालो.

५

डिसेंबरात बोट तयार झाली. निळी-पांढरी, वर कापडी छप्पर. आता परवानगीसाठी काट्याची पावती हवी होती. रिकाम्या बोटीच्या वजनावरून किती माणसं बसवायची ते ठरणार होतं. पत्रा, इंजिन, सीटा धरून माझा हिशेब आठशे किलो. तेवढी भरली तर आठ माणसं. दोनशे नव्वद जास्त भरली तर तीन. तीन माणसांत भारतचं डिझेलही निघणार नव्हतं.

काट्यावर बोट एक हजार नव्वद भरली.

भारतनं आकडा बघितला आणि प्लेटच्या कडेलाच खाली बसला. भावाला असं बसलेलं मी फक्त शाळेला कुलूप लागलं त्या दिवशी बघितलं होतं.

"माणसं उतरवा, देवानंदभाऊ," भोंगा म्हणाला. आवाज आज बारीक होता. "हात जोडतो. ती उतरली तर वजन बराबर येईल."

माझं डोकं सटकलं. दोन महिन्यांचं काम, घासलेली जोडणी, नऊ भोकं, भावाचा चेहरा, सगळं एकदम वर आलं. मी ट्रॉलीवर चढलो आणि बोटीच्या काठावर पान्यानं दणका घातला.

"उतरा रे! ऐकू येत न्हाई का? काटा हाये, काटा! उतरा खाली सगळे!"

टक्.

पाटा सुटला होता. मग पुन्हा टक्. मी पाना धरून तसाच उभा. टक्. टक्. मध्ये थोडा वेळ गेला, जसा म्हाताऱ्या माणसाला उतरायला लागतो. आणि पाचवं टक्.

"आठशे!" भारत खालून ओरडला. "दादा, आठशे! काटाच अडकला होता बघ!"

दणक्यानं काटा मोकळा झाला. मला तेच वाटलं, म्हणजे तेच वाटून घेतलं. कल्याणनं पावती केबिनच्या फटीतून बाहेर सरकवली. दार उघडलं नाही. "जल्दी काढा गाडी," एवढंच म्हणाला.

भारत उड्या मारत शेजारी बसला. मी पहिला गिअर टाकला, गाडी हलकीफुल उचलली, दुसरा टाकला. प्लेटवरून उतरून चार हात गेलो तोच पिकअप गुदमरली आणि मला पुन्हा पहिल्यावर यावं लागलं. क्लच गेला असेल, असं मी भारतला सांगितलं. काटा झाला की उतरलेली माणसं काय करतात, हे जालन्यात शेंबड्या पोरालाही माहीत आहे. त्या क्षणी मला ते आठवलं नाही.

६

परवानगी आली, आणि पुढच्या रविवारी सकाळी अकराला धावड्याच्या तलावावर कार्यक्रम होता. भारतनं टेबलावर बुद्धांचा आणि बाबासाहेबांचा फोटो मांडला, मेणबत्त्या लावल्या, आम्ही त्रिशरण म्हटलं, पेढे वाटले. गावातली चाळीस-पन्नास माणसं जमली होती. बोट मी पाण्यात सोडून लाकडी धक्क्याला बांधली होती.

बोटीच्या बाहेरून मी एक लाल रेघ मारली होती. रिकामी असताना रेघ पाण्याच्या चार बोटं वर दिसली पाहिजे. ती पाण्याला टेकलेली होती. आत कोणी नव्हतं. माझीच रेघ चुकली असेल, असं म्हणून मी वाकून बघत होतो, तोवर भारतनं माणसं बसवायला सुरुवात केलीसुद्धा. लाइफजॅकेट घालून पायल सगळ्यात आधी, पुढच्या रांगेत. मग भारतची बायको, बेबीनंदा, गावातले पाच जण. भारत स्टिअरिंगला.

"मोठे पप्पा," पायलनं हाक मारली, "ही सीट गरम हाये."

वर कापडाचं छप्पर होतं. सीटवर सकाळपासून ऊन पडलेलं नव्हतं.

"दादा, परवानगीचा कागद दे रे फाइलीतून," भारत म्हणाला. मी फाइल उघडली. कागदाच्या वर पावत्या लावलेल्या होत्या. मधली पावती सोललेल्या बोटीची होती, ऑक्टोबरातली. तिच्या कोपऱ्यातला फोटो मी पहिल्यांदा बघितला.

फोटो तिकिटाएवढा होता आणि पुसट. बोट ओळखू येत होती, फासळ्या दिसत होत्या. आत पाच माणसं बसलेली होती. पुढं दोन, मागं दोन, त्यामागं उजवीकडे एक. हात मांडीवर, माना खाली, एसटीत आपलं गाव यायची वाट बघतात तशी. बाकं मी आदल्या दिवशीच फोडून बाहेर टाकली होती. त्यांच्या खाली काहीच नव्हतं, आणि ती बसलेली होती.

मी मान वर केली. पाणी बोटीच्या काठापासून दोन बोटं खाली होतं. भारत दोरी सोडायला वाकला होता.

"माणसं उतरवा!" मी ओरडलो. "भारत, माणसं उतरव आधी!"

"दादा, काय करून राह्यला? लोकं बघून राह्यले—"

मी पायलचं जॅकेट धरून तिला उचलून धक्क्यावर ठेवलं. मग बाकीचे कुरकुरत उतरले. भारत उतरला तेव्हा त्याच्या डोळ्यांत पाणी होतं, आणि मला त्याच्याकडे बघवत नव्हतं. एवढे नऊ जण उतरल्यावरही रेघ पाण्याला टेकलेलीच होती.

मला जे करायचं होतं ते चारचौघांत करायला भीतीपेक्षा लाज जास्त वाटत होती. आजोबांनी बघितलं असतं तर काय म्हणाले असते? मी गुडघ्यावर बसलो आणि बोटीत तोंड घालून, कोणाला ऐकू जाणार नाही अशा बेतानं बोललो.

"उतरा. तुमचं ठिकाण आलं."

बोट हलली. एक झटका, थोडा थांबून दुसरा. पाच. लाल रेघ पाण्यातून चार बोटं वर आली. धक्क्याच्या फळ्या माझ्या शेजारून करकरत गेल्या, एकामागून एक, काठाच्या दिशेनं. काठावर माझी पिकअप उभी होती. मी तिकडे बघितलं नाही.

"इंजिनाच्या तळाला पाणी साचलं होतं, काढून टाकलं," मी भारतला सांगितलं. "आता बसव."

माणसं बसली, आणि बोट गेली. आठ माणसं आणि भारत, काठ पाण्याच्या चांगला वीतभर वर. पायल पुढून हात हलवत होती. दोन फेऱ्या झाल्या, तीन झाल्या. इंजिन असं गोड चालत होतं की आयुष्यात दुसऱ्या कुठल्या कामाचा मला एवढा आनंद झाला नाही.

७

चार वाजता मी आणि बेबीनंदा जालन्याला निघालो. ट्रॉली भारतकडेच ठेवली होती. पिकअपच्या मागच्या काचेला फोमचे उरलेले गठ्ठे लावलेले होते, त्यामुळे मागचं दिसत नव्हतं.

चढाला गाडी ओढेना.

"मागं कोणी बसले का वो?" बेबीनंदा म्हणाली. "गावातली माणसं बसली असतील, जालन्यापर्यंत. बसू द्या बिचारे."

आमच्याकडे हे नेहमीचं आहे. रिकामी पिकअप दिसली की माणसं चढतात, कोणी विचारत नाही. मी उतरून बघायला पाहिजे होतं. वाटेतलं राजूर गेलं, तरी मी उतरलो नाही. मला वाटलं, घरी न जाता असंच चालवत राहावं. पण किती वेळ, आणि शेजारी बायको बसलेली, तिला काय सांगणार?

काट्यासमोरून सरळ गेलो असतो तर बरं झालं असतं. पण मला खात्री करायची होती. जन्मभर पुरावा मागत आलेल्या माणसाला तेवढ्यावरून पुढं जाववत नाही. मी गाडी प्लेटवर घेतली.

भोंगा खरखरला. "देवानंदभाऊ... माणसं उतरवा."

बेबीनंदा दार उघडायला लागली.

"वहिनी, तुम्ही बसा," भोंगा म्हणाला. "मागचे."

मी स्टिअरिंग घट्ट धरलं आणि दातावर दात दाबून बसलो. मला कळत होतं, की माझ्या तोंडून तो शब्द गेला तर मागचे इथंच उतरणार, आणि इथून आमचं घर चालत दहा मिनिटांवर आहे. गाडी मागं घ्यायची, परत धावड्याच्या रस्त्याला लागायचं, एवढंच डोक्यात होतं. मी गिअरला हात घातला.

बेबीनंदानं खिडकीतून मान बाहेर काढली. दारात आलेल्याला पाण्याशिवाय जाऊ न देणारी बाई ती.

"उतरा वो, उतरा," तिनं मागं बघत न बघत हाक दिली. "घर जवळच हाये आमचं. चहा घेऊनच जा."

टक्.

टक्. टक्. मग टक्. मी श्वास धरून थांबलो. मध्ये बराच वेळ गेला, आणि पाचवं.

"गाडी हलकी झाली बघा," ती म्हणाली. "किती जण होते?"

मी गाडी सोडली ती थेट दारात थांबवली, कुलूप काढलं, तिला आत घेतलं आणि आतून कडी घातली. खिडक्याही लावल्या. ती हसली. "पाव्हण्यांना बोलावलं मी, अन् तुम्ही कड्या लावून राह्यले!" ती स्वयंपाकघरात गेली. मी तिच्या मागं गेलो आणि दाराला पाठ लावून उभा राहिलो. घड्याळ बघितलं. दहा मिनिटं झाली, मग बारा. कडी वाजली नाही. कोणी हाक मारली नाही. मला जरा बरं वाटायला लागलं. आधण उकळलं, तिनं साखर घातली.

"आले न्हाईत वाटतं," ती म्हणाली. "आपल्या दोघांचाच टाकते मंग."

बाहेरच्या खोलीत, नव्या गाद्यांवर, फुस्स झालं.

बेबीनंदाचा चमचा थांबला. तिनं माझ्याकडे बघितलं. मग दुसरं फुस्स झालं, आणि तिनं पातेल्यात आणखी पाणी ओतलं.